पानावरचा पीच

सकाळच्या मालिकेत श्राद्धाच्या मेजावर पीच दिसला म्हणून एका दिवसात दोनशे अकरा लोकांनी तक्रार केली होती, आणि ते मेज मिराननं मांडलेलं होतं. सोमवारी दुपारी सोलजवळच्या इल्सानच्या स्टुडिओत ती मुळ्याचे काप करत बसली होती, तेव्हा दिग्दर्शक फोन हातात धरून आला आणि म्हणाला, "ताई, इतरांचं सोडा. तुम्हीसुद्धा?" त्यानं वाचून दाखवलं. कुणी आजोबांनी लिहिलं होतं की पितरांच्या पानावर पीच ठेवला तर पितर उंबरठ्यावरूनच माघारी पळतात, हे माझ्या सात वर्षांच्या नातीला कळतं, तुमच्या चॅनेलला कळत नाही का? दुसऱ्या बाईंना वेगळाच राग आला होता. मेलेला नवरा बिचारा दारात येऊन उभा राहतो असं दाखवलंत, तो आत येणार कसा? आणि पीच तोही डब्यातला! सगळे खोखो हसले, मिरानही हसली. सुरी मात्र मुळ्यात तशीच रुतून राहिली. सत्तावीस वर्षं ती मालिकांमधलं खाणं रांधत आली होती. नायिका रडत रडत जो भात गिळते तो तिचा, सासू ज्या वाडग्यातलं सूप सुनेच्या तोंडावर फेकते ते सूपही तिचंच, आणि ते कोमट असावं याची काळजी घेणारीही तीच. श्राद्धाची मेजं तिनं शेकड्यांनी मांडली असतील. पानाला लसूण नाही, लाल तिखट नाही, पीच तर नाहीच नाही, हे ती नव्या पोरींना दम देऊन शिकवायची. मग हे झालं कसं? शनिवारी मेजाच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं हवं असं तिला वाटलं होतं, हात आपोआप डब्याकडे गेला होता, आणि वाटीत ते गुळगुळीत अर्धगोल रचताना तिला किती बरं वाटलं होतं! घरी आल्यासारखं. कारण तिच्या घरी तो असायचाच. दरवर्षी असायचा. बाबांच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात.

हे तिला तिथंच, मुळ्याच्या वासात बसल्या बसल्या आठवलं, आणि आपण इतकी वर्षं या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी कधीच कशा ठेवल्या नाहीत याचं तिला मोठं नवल वाटलं. लोकांच्या घरचे नियम एका खोलीत आणि आपलं घर दुसऱ्या खोलीत. होंगजेच्या चढावरची ती दोन खोल्यांची जागा, खाली घरमालकीण, वर त्या दोघी मायलेकी. शरदातला तो एक दिवस यायचा तेव्हा आई सकाळपासून पाटावर बसून माशाचे काप पिठात नि अंड्यात घोळवून तळायची. जिन्यापर्यंत तेलाचा वास जायचा आणि त्या वासाच्या मागोमाग घरमालकीण वर यायची. "किती करतेस गं त्या माणसासाठी! एवढं तर जिवंतपणी पण कुणी करत नाही." आई वर न पाहता म्हणायची, "खायला आवडायचं त्याला." मग संध्याकाळी मेज, मेजामागे बाबांचा फोटो, उसना टाय घातलेला एकतीस वर्षांचा माणूस, किंचित तोंड उघडं, फोटोवाल्याला काहीतरी विचारत असल्यासारखा. दार किलकिलं करून ठेवायचं, म्हणजे त्यांना येता येतं. मिरान दोनदा वाकायची, कपाळ थंड चटईला टेकायची आणि मनातल्या मनात सगळं सांगून टाकायची. गणितात किती पडले, कुणाशी भांडण झालं, बुटात पाणी जातं. समुद्रात बुडालेल्या माणसाला बुटातल्या पाण्याचं सांगावं की नाही याचा ती नीट विचार करायची. आणि मग पान उठलं की पीच. पाकात बुडालेला, चमच्यानं कापला जाणारा, घशातून थंडगार उतरणारा. वर्षातून एकदा. आई स्वतः कधी खायची नाही, सगळा तिलाच द्यायची आणि ती खात असताना खिडकीतून बाहेर बघत राहायची. पुढे मिरान मोठी झाली, दोनतीन पुरुष आले नि गेले. कुणाचंच तोंड तसं किंचित उघडं नव्हतं, हे कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. आई अजून त्याच चढावर राहत होती, आता लिफ्टच्या इमारतीत. मेज मांडायला मिरान जायची, डबा तीच घेऊन जायची. दरवर्षी आदल्या रात्री आईचा फोन यायचा. "पीच विसरू नकोस हं. बाकी काही विसरलीस तरी चालेल." गेल्याही वर्षी आई हेच म्हणाली होती. या वर्षीचं श्राद्ध गुरुवारी होतं.

मंगळवारी मालिकेची लेखिका बांगबाई हिचा फोन आला. ही बाई कमालीची. उद्याचं चित्रीकरण आज रात्री लिहायची, पानं पहाटे पाठवायची, नटनट्या मेकअपच्या खुर्चीत बसून पाठ करायच्या. "ताई, रडू नका, मी पीचचं सोनं केलंय," ती म्हणाली. "दोनशे अकरा लोकांना वाटतंय ना की चूक झाली? नाही झाली! सासूनं मुद्दाम ठेवलाय." मिरान म्हणाली, "कशाला?" "ते पानात वाचा. आता सांगितलं तर मजा जाईल." आणि फोन बंद. रात्रभर मिरानला झोप अशी लागली नाही. एक गोष्ट मात्र तिनं डोक्यात पक्की बसवून टाकली. आईला तो फोटोतला माणूस नको होता. मेल्यावरही आत यायला नको होता. म्हणजे त्यानं काहीतरी केलं असणार, मारलं असेल, प्यायला असेल, आणि आई घरमालकिणीसमोर श्राद्धाचं सोंग करत असेल नि पीच ठेवून त्याला दारातच रोखत असेल. तो दारापर्यंत यायचा आणि परत जायचा. आणि आत ही वेडी मुलगी चटईला कपाळ टेकून रिकाम्या खोलीला बुटांचं सांगत बसायची! तिला इतका राग आला की ती उठून बसली. चाळीस वर्षं. एकदाही तो आत आला नव्हता. पहाटे तिच्या डोळ्यांसमोर एक लांबलचक जिना आला, त्यावर ओले बूट वाजत होते, जवळ येत होते आणि बरोबर उंबरठ्याशी थांबत होते.

बुधवारी पानं आली. सासूचं काम करणारी नटी, सत्तरीची, खमकी, मेजासमोर बसली. सुनेचं मन मेलेल्या नवऱ्याच्या मित्रात गुंतलेलं, ती रागानं विचारते, तुम्ही पोटच्या पोराला घरात येऊ देत नाही, आई आहात की कोण? मिरान कॅमेऱ्याच्या मागे भाताची दुसरी वाटी भरत उभी होती. नटी म्हणाली, अगदी हळू, "जो मेलाच नाही त्याला हाक मारू नये, पोरी. हाक ऐकून खरंच निघाला तर? लोकांसाठी मी त्याला मारला. पण पानावर पीच ठेवते, म्हणजे हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही." दिग्दर्शक म्हणाला, "छान, फक्त 'पोरी' जरा आणखी थांबून." पुन्हा एकदा. जो मेलाच नाही. आणखी एकदा. मिरानच्या हातातल्या वाटीतला भात वाफाळत होता, आणि आजूबाजूचे सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. तिला वाटलं, ही बाई आत्ता आपल्याकडे वळून बघेल. पण ती नटी होती, दिवे बंद झाल्यावर तिनं फक्त विचारलं, "ताई, ते माशाचे काप उरलेत का गं? सकाळपासून पोटात काही नाही." मिराननं तिला काप दिले. त्या रात्री पीचची आठवण करणारा आईचा फोन आला नाही.

गुरुवारी अकराच्या सुमारास ती चढावरच्या घरी पोचली. आई जमिनीवर पाय पसरून बसली होती, शेजारी टीव्ही बंद, पुढ्यात चिरलेला कोबी आणि चेहरा असा की काही बोलायची सोय नाही. बहात्तर वर्षांची, वाळून टणक झालेली बाई. "बूट नीट लाव," ती म्हणाली. मग सुरी आपटून म्हणाली, "तूच सांगितलंस ना त्या बांगबाईला?"

"काय सांगितलं?"

"सोंग नको करूस कार्टे! काल रात्रीच जाहिरातीत ऐकलं, म्हणून फोनसुद्धा केला नाही तुला, आणि आज सकाळी मालिका बघितली. शब्दन् शब्द माझा. मला आधी विचारायचं तरी! घरातली गोष्ट टीव्हीवर मांडलीस, सगळ्या बायका बघतात गं ही मालिका, खालच्या क्लबातल्या सगळ्या म्हाताऱ्या बघतात!"

मिरान भिंतीला टेकली. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. "आई," ती म्हणाली, "मला काही माहीत नव्हतं. मला आत्ता, तू बोललीस म्हणून कळतंय."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग कोबीचं पान उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "बघ," ती म्हणाली, "म्हातारपणी स्वतःच्याच तोंडानं." आणि मग तिनं सांगितलं, कोबीकडे बघत, दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगावं तसं. तो बुडाला नव्हता. किनाऱ्यावरच्या सोक्चोला बोटीच्या कामाला गेला आणि तिथं त्याला एक बाई भेटली, सुकी मासळी विकणारी. एका सकाळी कपडे घेऊन गेला, ती ही तारीख. आई सहा वर्षांच्या पोरीला घेऊन या चढावर राहायला आली. इथं कुणाची ओळख नव्हती. नवऱ्यानं टाकलेली म्हटलं तर खोली कोण देणार? विधवा म्हटलं की बायका वाटीभर भाजी आणून देतात. म्हणून त्याला मारला. पण वर्ष सरत आलं तशी घरमालकीण विचारायला लागली, श्राद्ध कधी गं तुझ्या नवऱ्याचं, मी येते हाताखाली. "आता श्राद्ध करायचं म्हणजे त्याला बोलवायचं. दार उघडायचं, नाव लिहायचं, भात वाढायचा. आणि तो तिकडे जिता, हाक ऐकून जीवच जायचा त्याचा! रात्रभर माझ्या हातापायाला कापरं. सकाळी उठले, बाजारात जाऊन डबा आणला."

"मग येऊ द्यायचा होतास," मिरान म्हणाली. आपला आवाज इतका चढेल असं तिला वाटलं नव्हतं. "ज्यानं टाकलं त्याच्यासाठी कापरं कसलं? ओढला असता तर ओढला असता!"

"मरावा असं मला कधी वाटलं नाही गं," आई म्हणाली. "मेलाय असं लोकांना वाटावं, एवढंच हवं होतं मला. ती वेगळी गोष्ट आहे."

मिरानला रडू आलं, रागाचं की कशाचं ते तिलाच कळेना. चाळीस वर्षांची बुटांची, गुणांची, पहिल्या पगाराची सगळी बोलणी ऐकायला तिथं कुणी नव्हतंच. तो कुठंतरी बसून जेवत होता, मासे निवडत होता, नाक शिंकरत होता. त्याचे केस पांढरे झाले असतील. तिच्या बापाला म्हातारपण आलं असेल, ही गोष्ट तिच्या मनात कधी शिरलीच नव्हती. फोटोतल्या माणसापेक्षा ती स्वतःच आता पंधरा वर्षांनी मोठी होती. "आहे का तो अजून?" तिनं विचारलं.

"तेच तर," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "तेच तर मला कळत नाहीये."

त्या सोक्चोच्या बाईनं तिसऱ्या वर्षी कसा कोण जाणे पत्ता काढला होता. खाली घरमालकिणीच्या फोनवर आली, रडायला लागली, माफ करा म्हणाली. आईनं सांगितलं, माफीबिफी तुझ्याकडेच ठेव, माझ्या मागे कामं आहेत. एवढंच कर. दरवर्षी या दिवशी सकाळी फोन करून सांग, आहे की नाही. म्हणजे पीच ठेवायचा की नाही ते मला कळेल. आणि ती करत आली. सदतीस वर्षं, सकाळी नऊच्या आत. आधी एकच वाक्य, 'बरे आहेत.' आई म्हणायची 'बरं,' आणि ठेवून द्यायची. मग कधीतरी तिनं विचारलं, तिकडे थंडी पडली का? मग मुळ्याचा भाव. मग गुडघे. एका वर्षी दोघी अर्धा तास बोलल्या, कोबीला मीठ किती वेळ लावून ठेवावं यावरून चक्क भांडल्या. "तिचं चुकीचं होतं," आई म्हणाली. "पण ऐकते कुठे!" आणि आज अकरा वाजून गेले तरी फोन नव्हता. "तो गेला असेल आणि रडण्यात हिला सुचत नसेल, तर मी पीच ठेवून त्याला त्याच्या पहिल्याच श्राद्धाला दारातून हाकलणार. आणि जिता असेल नि मी पीच नाही ठेवला, तर मीच त्याला ओढून नेल्यासारखं. आता सांग, काय करू मी? संध्याकाळी सातला मेज मांडायचंय."

दुपारभर दोघी तळत राहिल्या. आईच्या हातानं काप उलटत होते, मिरान अंडं फेटत होती, आणि टेबलावरचा फोन काही वाजत नव्हता. ऊन भिंतीवरून सरकत फोटोवर आलं, उसन्या टायवर थांबलं आणि निघून गेलं. मिरानला मधूनच वाटायचं, तो मेलेलाच असावा. मग लगेच तिला स्वतःची भीती वाटायची. मेलेला बाप तिला पाठ होता, जित्या बापाचं काय करायचं ते तिला येत नव्हतं. कुठल्याही बोटीवर, कुठल्याही किनाऱ्यावर तिनं त्याला उभं करून पाहिलं, पण तो वळला की चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. पाच वाजता तिनं हात धुतले. "नंबर आहे का तिचा?"

"दहा वर्षं झाली, फोनवर नंबर दिसतो. मी काय डोळे मिटून घेते?" आईनं तो पाठ म्हणून दाखवला, एका दमात.

पलीकडे घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. खोकला, टीव्हीचा आवाज, आणि मग म्हाताऱ्या माणसाचा घोगरा, वैतागलेला सूर. "हॅलो? कोण?"

चाळीस वर्षांत त्याच्याशी इतकं बोललेली मिरान, आणि आता एक अक्षर नाही.

"कोण बोलतंय? मासळीचं असेल तर दुकान बंद केलं. ती नाही आता. एप्रिलात गेली." त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "कुणाकुणाला सांगायचं राहिलंय, मला ठाऊक नाही. सगळं तिलाच ठाऊक असायचं."

"बरं," मिरान म्हणाली आणि फोन ठेवला. तेवढंच. त्या घरात फोनवर बोलायचा तोच शब्द होता बहुतेक. तिनं आईला सांगितलं, तो आहे, ती गेली. एप्रिलात.

आईनं गॅस बंद केला, पदराला पुसावेत तसे हात एप्रनला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. मिरानला वाटलं, सुटल्यासारखं वाटत असेल तिला. पण आईचा चेहरा हळूहळू चुरगळत गेला, आणि ती मोठ्यानं, लाजलज्जा सोडून, नवऱ्यासाठी चाळीस वर्षांत कधी रडली नव्हती तशी रडायला लागली. "एप्रिलात! आणि मी सकाळपासून त्याच्याच नावानं जीव काढतेय! तिचं काही झालं असेल हे माझ्या मनात तरी आलं का गं? एकदा तरी?" मिराननं तिला धरलं. खांदे किती लहान झाले होते.

बऱ्याच वेळानं आई उठली. फोटो काढून तिनं कपाटात पालथा ठेवला. मेज पुसलं. मिराननं डबा आणला आहे की नाही हे विचारलंसुद्धा नाही. उजव्या कोपऱ्यात तिनं माशाचे काप सरकवले आणि मेजामागे लावायची पितराच्या नावाची चिठ्ठी लिहायला शाईची दौत काढली.

"आई, तिची तिथी आज नाही."

"आजच फोन करायची ती. हाच तिचा दिवस." आईनं कागदाची पट्टी कापली, ब्रश भिजवला आणि थांबली. "नाव काय तिचं?"

मिरान बघतच राहिली. "तुला माहीत नाही?"

"कधी विचारलं नाही. मी सोक्चो म्हणायचे, ती ताई म्हणायची." आई चिडून म्हणाली, "बायकांच्या चिठ्ठीवर नुसतं आडनाव नि मूळ गाव लिहितात, तेवढंच पुरतं म्हणतात. मला नाही पुरत. नाव विचार."

मिराननं पुन्हा नंबर फिरवला. या वेळी त्यानं लगेच उचलला, जणू फोनपाशीच बसून होता. तिनं विचारलं. तो म्हणाला, "ओगी. योम ओगी. का बरं?"

"योम ओगी," मिराननं आईला ऐकू जाईल असं म्हटलं. "आमच्याकडे आज त्यांचं पान आहे." तिचा स्वतःचा आवाज तिला खूप लांबून ऐकू आला.

"पान? तुम्ही कोण तिच्या?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं वर पाहिलं नाही. ब्रश कागदावर टेकला होता आणि ती सावकाश, शाळकरी मुलीच्या अक्षरात, लिहीत होती. "बहीण आहे म्हणावं," ती म्हणाली. "थोरली."

"त्यांची थोरली बहीण," मिरान म्हणाली. "सोलमधली."

"तिला बहीण नव्हती हो."

"होती."

पलीकडे टीव्ही बंद झाला. ती थांबली, जरुरीपेक्षा एक श्वास जास्त थांबली, मग आणखी एक. तो विचारेल असं वाटलं. त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, नाव, वय, सगळं. पलीकडून नुसता श्वास येत राहिला, जुना, ओला, खराखुरा. तिला तो कानाशी धरून रात्रभर उभं राहावंसं वाटत होतं.

आईनं चिठ्ठी मेजामागे लावली, तिला जेवता यावं म्हणून भातात चमचा उभा केला आणि जाऊन दार उघडलं. जिन्यातला गार वारा आत आला.

"ठेव आता तो फोन," ती म्हणाली. "केव्हाची दाराशी उभी असेल ती."